टोमॅटोचं बूड काळं पडतंय? चुना घालायच्या आधी हे तपासा

फळ लिंबाएवढं झालंय, हिरवंगार, टणक, झाड पण तजेलदार, आणि एक दिवस सहज फळ उलटं करून बघता तर बुडाला डाग. देठाच्या बरोबर विरुद्ध टोकाला, जिथं फूल गळून पडलेलं असतं तिथं. आधी पाण्यात भिजल्यासारखा फिकट, मग तपकिरी, आठवड्याभरात काळा, चपटा, आत दबलेला, बोट फिरवलं तर चामड्यासारखा लागतो. ओलसर हवा असली तर त्यावर काळी-करडी बुरशी पण दिसते, पण ती नंतर आलेली असते, डाग तिच्यामुळं पडलेला नसतो. असं फळ बाकीच्यांच्या आधी लालसर व्हायला लागतं आणि आपल्याला वाटतं चला, पहिलं फळ पिकलं.

आणखी खुणा सांगतो. बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या घोसालाच जास्त होतं. लांबुळक्या जातीला जास्त, गोलाला कमी, चेरी टोमॅटोला क्वचितच. पानांवर काही नसतं. बाजूच्या कुंडीतल्या ढबू मिरचीच्या टोकाला पण तसाच डाग दिसत असेल तर समजायचं, दोन्हीचं कारण एकच आहे.

आमचं घर कोल्हापुरात कळंब्याकडं, गच्चीवर बारा-तेरा वर्षं टोमॅटो करतोय आणि पहिली तीन वर्षं दर सीझनला मला हाच त्रास झाला. नंतर शेजारीपाजारी, पाहुणे, त्यांचे पाहुणे, असं करत फुलेवाडीपासून उचगावपर्यंत किती गच्च्या बघून आलो ते मोजलेलं नाही. सगळीकडं एकच वाक्य, "कॅल्शियम कमी पडलंय म्हणत्यात, काय घालू ओ?" आणि बहुतेक ठिकाणी कुंडीत कॅल्शियम होतंच, ते फळाच्या बुडापर्यंत पोचत नव्हतं. हा फरक कळला नाही तर माणूस वर्षभर काहीबाही घालत बसतो आणि डाग पडायचे ते पडतातच.

ते पोचत का नाही हे नीट सांगतो, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या याच्यावरच उभ्या आहेत. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं. मुळं पाणी ओढतात, पानं ते हवेत सोडतात आणि या ओढीवर कॅल्शियम वर जातं. पानं भरपूर वाफ सोडतात म्हणून मोठा वाटा त्यांचा, फळाची साल मेणचट, तिथनं वाफ जवळजवळ जातच नाही, म्हणून फळाला उरलंसुरलं. आणि फळाचं बूड म्हणजे लाईनीतलं शेवटचं घर. नळाला प्रेशर कमी झालं की गल्लीच्या टोकाच्या घरात पाणी चढत नाही, अगदी तसंच. वर आणि एकदा पानात बसलेलं कॅल्शियम परत निघून फळाकडं जात नाही. त्यामुळं फळ भराभर वाढत असताना मातीचं दोन-तीन दिवस कोरडं-ओलं झालं की त्या दिवसांत तयार होणाऱ्या पेशी कच्च्या राहतात आणि नंतर मरतात. डाग आज दिसला तरी घोटाळा आठ-पंधरा दिवसांपूर्वीच झालेला असतो, म्हणून "काल तर पाणी घातलं होतं की" हे सांगून काही उपयोग नसतो, गेल्या पंधरवड्यात काय झालं ते आठवायचं.

आधी हा तोच डाग आहे का ते बघा

फुकटातलं काम आहे, एक फळ तोडून उभं चिरा. डाग बुडापासून आत कोरडा, तपकिरी, बुचासारखा जात असेल तर हाच. फळाला भोक आणि आत हिरवट विष्ठा असेल तर ती फळ पोखरणारी अळी. उन्हाच्या बाजूला पांढरट, कागदासारखा पापुद्रा झाला असेल तर ऊन लागलंय, पानं जास्त खुडली की असं होतं. जमिनीला टेकलेल्या फळावर गोल गोल वलयांचा डाग असेल तर ती मातीतली बुरशी. आणि फळावर कुठंही, खांद्याकडंसुद्धा, तेलकट तपकिरी चट्टे आणि सोबत पानं पण करपलेली असतील तर तो करपा, तो एका झाडावरनं दुसऱ्यावर पसरतो, त्यासाठी हे लिहिलेलं कामाचं नाही.

बूड काळं पडणं हा रोग नाही. एका कुंडीतनं दुसरीत जात नाही, बियाण्यातनं येत नाही. बुरशीनाशक मारून पैसे आणि पाठ दोन्ही घालवू नका. रोगप्रतिकारक जात लावली म्हणून पण सुटका होत नाही. बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही जात पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देते, मी स्वतः तीच लावतो, पण पाणी चुकलं तर तिचं बूड पण काळं होऊ शकतं, कारण इथं कुठला जंतूच नाही.

बोट घाला

सगळ्यात आधी हे, कारण माझ्या बघण्यात दहातली सात-आठ प्रकरणं इथंच मिटलीत. सकाळी पाणी घालायच्या आधी मधलं बोट पूर्ण मातीत खुपसा, दोन-अडीच इंच. वरची माती कोरडी दिसली तरी चालते, बोटाच्या टोकाला गारवा लागला पाहिजे आणि बोट बाहेर काढल्यावर थोडी माती चिकटलेली पाहिजे. कोरडंठाक असेल तर पाणी कमी पडतंय. बोट चिखलात गेल्यासारखं गेलं आणि वास आंबट आला तर पाणी जास्त होतंय, मुळं गुदमरलीत, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढत नाही म्हणजे कॅल्शियम पण ओढत नाही. दोन्हीचा शेवट एकच, काळं बूड.

असं आठ दिवस रोज करा आणि कॅलेंडरवर खूण करा, कोरडं, ठीक, चिखल. एका दिवसाच्या बोटावरनं काही कळत नाही, चढउतार कळला पाहिजे. आमच्या शेजारच्या वहिनींनी असं केलं तेव्हा बुधवारी चिखल, शनिवारी भुकटी, परत बुधवारी चिखल असं निघालं, कारण पाणी जास्त साठवता येईल तेव्हा बादलीभर ओतायचं आणि मधले दिवस विसरायचं. एकूण पाणी भरपूर होतं, नियम नव्हता. तेवढंच पाणी रोज सकाळी वाटून घालायला लागल्यावर पुढचे घोस स्वच्छ आले.

किती घालायचं? १५-२० लिटरच्या कुंडीतल्या फळांनी भरलेल्या झाडाला थंडीत साधारण एक-दीड लिटर, मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन ते चार लिटर आणि ते पण सकाळ-संध्याकाळ विभागून. हा अंदाज आहे, शेवटचा शब्द बोटाचा.

आपल्याकडं तीन वेळा हमखास चुकतं. एक, दिवाळीला किंवा लग्नाला चार दिवस गावी गेलं की. दोन, पावसाळ्यात आठ दिवस झड लागते तेव्हा आपण पाणी बंद करतो ते बरोबर, पण उघडीप पडून कडक ऊन आलं तरी दोन-तीन दिवस आपल्या डोक्यात पाऊसच असतो. आणि तीन, उन्हाळ्यात तापलेल्या कुंडीवर वळीव कोसळतो, तेव्हा तर बूड काळं आणि फळं तडकलेली, दोन्ही एकदम. गावी जाणार असाल तर कुंड्या भिंतीच्या सावलीत एकत्र सरकवा आणि शेजारच्या पोराला किल्ली द्या.

पाचट

हा उपाय आपल्या जिल्ह्याला देवानं दिल्यासारखा आहे. ऊस तुटला की शेतात पाचट पडलेलं असतं, ओळखीच्या शेतकऱ्याला मागा, पोतंभर सहज मिळतं. बोटभर तुकडे करून कुंडीवर दोन-तीन इंचांचा थर द्यायचा, फक्त खोडाला चिकटवायचं नाही, चार बोटं मोकळी सोडायची नाहीतर खोड ओलं राहून कुजतं. वाळकी पानं पण चालतात. गच्चीवर सिमेंटचा ताव खालनं आणि ऊन वरनं, अशात उघडी माती दुपारपर्यंत पापडासारखी होते, पाचट असलं की तीच माती संध्याकाळपर्यंत गार. मी दुपारी तीनला पाचट बाजूला करून हात घालून बघतो, अजून नवल वाटतं.

पाणी खरंच आत जातंय का

हे खूपजण बघतच नाहीत. तळातनं पाणी वाहिलं म्हणजे कुंडी भिजली असं धरून चालतात. राजारामपुरीतल्या एका काकूंच्या गच्चीवर ग्रो बॅगा होत्या, निम्म्याहून जास्त कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. काकू रोज पाणी घालायच्या, तळातनं रोज पाणी यायचं आणि टोमॅटो एकूण एक काळी. "अंड्याची टरफलं पण घालतोय की दर आठवड्याला," म्हणाल्या. मी खुरप्यानं एका बाजूनं माती उकरली तर वरचा इंचभर ओला, कडेनं ओलं आणि मधला गोळा भुश्श्यासारखा कोरडा, हातात घेऊन फुंकला तर उडाला. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पटकन पाणी धरत नाही, पाणी कडेच्या फटीतनं सरळ खाली निघून जातं. आम्ही त्या बॅगा टबात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवल्या, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. नंतर रोजचं पाणी सावकाश, दोन टप्प्यांत, आधी तांब्याभर, पाच मिनिटांनी उरलेलं. टरफलं काढायला सांगितली नाहीत, ती बिचारी तिथं पडून राहिली तरी नुकसान काही नाही.

उलटं पण तपासा. तळाची भोकं मुळांनी किंवा गाळानं बुजली नाहीत ना, एक जाड काडी घालून बघा. कुंडीखाली दोन विटा ठेवल्या तर भोकं मोकळी राहतात.

खत बंद करून बघा

पैसे घालवायच्या ऐवजी वाचवणारी तपासणी. झाड गडद हिरवं, पानं तळव्याएवढी, शेंडा रोज दोन बोटं वाढतोय आणि बुडं काळी, असं असेल तर नत्र जास्त झालंय. युरिया, डीएपी, १९:१९:१९, किंवा दर चार दिवसांनी शेंगदाणा पेंडीचं पाणी, यातलं काहीतरी जोरात चाललेलं असतं. एक तर पानं भसाभस वाढली की सगळं पाणी आणि कॅल्शियम तीच ओढून घेतात. आणि दुसरं, अमोनियाच्या रूपातलं नत्र मुळाशी कॅल्शियमच्या आड येतं. पोटॅश आणि मॅग्नेशियम पण जास्त झालं की तेच करतात, म्हणून कुणीतरी सांगितलं म्हणून एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) टाकत असाल तर आधी ते थांबवा, मी बघितलेल्या दोन ठिकाणी तर त्यानंच वाढलं होतं.

तीन आठवडे फक्त पाणी. झाड थोडं फिकट झालं तरी घाबरू नका. नंतर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत मूठ-दोन मूठ, पंधरा दिवसांनी एकदा. कुजलेलं म्हणजे खरंच कुजलेलं, ज्याला शेणाचा वास येत नाही असं.

आता चुना, टरफलं आणि पानाच्या डबीबद्दल

इथं थोडं स्पष्ट बोलतो कारण यात झाडं मरताना बघितलीत. अंड्याचं टरफल म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. ते विरघळायला माती आंबट लागते आणि वेळ महिन्यांचा लागतो. नदीकाठची आपली काळी माती बहुतेक ठिकाणी आधीच अल्कधर्मी, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे डोळ्यांनी दिसतात. त्या मातीत टरफल टाकणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. आणि खायचा चुना पाण्यात कालवून ओतला तर माती आणखी अल्कधर्मी होते, लोह आणि जस्त अडकून बसतं आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात. मग माणूस पिवळेपणावर औषध शोधत बसतो.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूची तांबडी, जांभ्याची माती असेल तर गोष्ट वेगळी. तिकडच्या पावसानं कॅल्शियम धुऊन जातं, माती आंबट होते, तिथं चुन्याचा खरंच उपयोग होतो, पण तो सुद्धा माती तपासून आणि लावणीच्या आधी, फळं लागल्यावर नव्हे.

कुंडी आणि मुळं

इथपर्यंत सगळं बरोबर करून पण डाग पडतच असतील तर कुंडीकडं बघा. १०-१२ इंची कुंडीत उंच वाढणारं टोमॅटो लावलं असेल तर एप्रिलच्या उन्हात तुम्ही दिवसातनं तीनदा पाणी घातलं तरी पुरत नाही. एका झाडाला निदान १५ लिटर माती, २० असेल तर उत्तम. फळं धरलेलं झाड मोठ्या कुंडीत हलवायचा मोह होईल, नको, मुळं तुटली की आणखी दोन घोस जातात. या सीझनला पाचट आणि दोन वेळचं पाणी यावर काढा, पुढच्या वेळी मोठी कुंडी. आणि गच्चीवर मोठ्या कुंड्या वाढवायच्या तर हिशोब करा, भिजलेली २० लिटरची कुंडी २५-३० किलोच्या आसपास भरते. चाळीस कुंड्या म्हणजे एक टनाच्या वर. कडेला, खाली भिंत किंवा बीम असेल तिथं ठेवा, आणि घर जुनं असेल, स्लॅबला चिरा किंवा खालनं ओल असेल तर कुंड्या चढवायच्या आधी इंजिनिअरला दाखवा, हे अंदाजानं करायचं काम नाही.

एक झाड सगळ्यात वाईट असेल तर तेवढं उपटा आणि मुळं पाण्यात धुऊन बघा. पांढरी, केसाळ मुळं म्हणजे ठीक. तपकिरी, सुटणारी साल म्हणजे पाणी साचलं होतं. आणि मुळांवर हळकुंडासारख्या गाठीच गाठी असतील तर सूत्रकृमी, तिथं पाण्याचं वेळापत्रक काही करू शकत नाही, ती माती परत टोमॅटो, वांगी, मिरचीला वापरू नका.

खुरपणी पण आवरा. फळं लागल्यावर खोडाजवळ खोल खुरपलं की वरची मुळं तुटतात आणि ती पाण्याची मुख्य मुळं असतात.

कॅल्शियम घालायचंच असेल तर

वरचं सगळं झाल्यावरच. शाहूपुरीत शेतीऔषधांच्या दुकानात कॅल्शियम नायट्रेट मिळतं. लिटरला ३ ते ४ ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, फवारा लहान फळांवर पडला पाहिजे, कारण पानावर पडलेलं फळाकडं जात नाही हे वर सांगितलंच. आठ दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. दुसऱ्या खतात, विशेषतः सल्फेट किंवा फॉस्फेटवाल्यात मिसळू नका, पंपात साका बसतो आणि नोझल जाम होतं. यानं काळं झालेलं फळ बरं होत नाही, नवी फळं वाचायला थोडी मदत होते इतकंच. मातीला द्यायचं तर जिप्सम (म्हणजे कॅल्शियम सल्फेट), २० लिटरच्या कुंडीला एक मोठा चमचा, वरच्या मातीत हलकं मिसळून पाणी. जिप्समनं माती अल्कधर्मी होत नाही म्हणून मी चुन्यापेक्षा तेच सांगतो.

काळी फळं तोडून टाका, झाड त्यांच्यावर उगाच ताकद घालवतं. बुरशी चढली नसेल तर डागाचा भाग सढळ हातानं कापून वरचा अर्धा खायला हरकत नाही. आमच्यात हिरव्या फळांचा शेंगदाण्याचं कूट घालून ठेचा होतो, तो त्या आठवड्यात जरा जास्त वेळा होतो.

कुठं थांबायचं

नियमित पाणी, पाचट, खत बंद, हे सगळं सुरू केल्यावर पुढचे दोन घोस बघा. म्हणजे साधारण महिना. डाग निम्म्यावर आले तर रस्ता बरोबर आहे, चालू ठेवा. काहीच फरक नाही तर घरचे प्रयोग थांबवा आणि माती-पाणी तपासायला द्या. विशेषतः बोअरचं पाणी वापरत असाल, कुंडीच्या कडेला पांढरा थर बसत असेल तर नक्कीच. शिरोळ-हातकणंगल्याकडं क्षारपड जमिनीचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, क्षार वाढले की मातीत ओल असून मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि हे बोटाला कळत नाही, मशीनलाच कळतं. चार-पाच कुंड्यांतली, मुळांच्या खोलीवरची माती एकत्र करून सावलीत वाळवून अर्धा किलो घ्यायची, नुकतंच खत घातलेली नको. सोबत बाटलीभर पाणी. आपल्या जिल्ह्यात तळसंदे आणि कणेरीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शेंडा पार्कला कृषी संशोधन केंद्र आहे, तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांचं ऑफिस आहे. नमुना कुठं द्यायचा ते तिथं विचारा, जाताना एक डागाळलेलं फळ आणि एक फांदी पण न्या.

आणि या गोष्टी दिसल्या तर महिनाभर वाट बघू नका, त्याच दिवशी जाणत्या माणसाला दाखवा. झाड हिरवं असताना भर दुपारी मान टाकतं आणि रात्रीत सावरत नाही, खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरला की पाच-दहा मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरतात, ही जिवाणूजन्य मर, त्या कुंडीचं पाणी शेजारच्या कुंडीत जाऊ देऊ नका. शेंड्याची पानं वाटीसारखी आकसून झाड खुजं राहिलंय आणि खाली पांढरी माशी उडतेय, तो विषाणू. पानं आणि खोड दोन-तीन दिवसांत काळी पडत चाललीत, ढगाळ हवा आहे, तो करपा. तिन्हींत बुडाचा डाग ही छोटी गोष्ट असते.

तुमच्याकडं वरचं सगळं तपासून पण डाग पडालेत असं असेल तर विचारताना एवढं लिहा: कुंडी किती लिटरची, मातीत काय काय आणि किती, पाणी कुठलं आणि किती वाजता, गेल्या महिन्यात घातलेलं प्रत्येक खत, आणि आठ दिवसांची बोटाची नोंद. फोटो चिरलेल्या फळाचा पाठवा, नुसता वरनं काढलेला नको.